सातापर्यंत मोजून

आठ चिठ्ठ्यांवर 'उत्तम' लिहिलेलं होतं. त्यातल्या दोघांनी तर 'अत्युत्तम' लिहून खाली दोन-दोन रेघा मारल्या होत्या. मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून एकेक घडी उलगडत होतो आणि शेजारी पांढरीपांडे सर आंबा चोखत बसले होते. नववी चिठ्ठी वाचली आणि माझं तोंड उतरलं.

"काय झालं जी?" पांढरीपांडेंनी विचारलं.

"वाचा तुम्हीच."

त्यांनी हात लुंगीला पुसले, चिठ्ठी घेतली आणि सगळ्या वसतिगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचली. 'प्रश्न चांगले होते, पण तुम्ही थांबत नाही. वीस मिनिटांत बारा प्रश्न विचारलेत आणि बाराही उत्तरं तुम्हीच दिलीत. प्रश्न विचारल्यावर मनात सातापर्यंत मोजून पाहा. कुणीतरी बोलेल.'

"अरे बाप्पा!" ते म्हणाले. "हे मोजत कोण बसलं होतं?"

मलाही तेच कळायला हवं होतं. कोण बसलं होतं मोजत?

दोन हजार तीन सालचा मे महिना. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गाला मी गेलो होतो. चार आठवडे राहायचं, व्याख्यानं ऐकायची, शेवटी श्रेणी मिळवायची आणि ती आपल्या कॉलेजात नेऊन दाखवली की वरिष्ठ श्रेणीचा रस्ता मोकळा. कशाला खोटं बोला, निम्मेअधिक लोक त्या प्रमाणपत्रासाठीच आलेले असत. मीही त्यातलाच. मी विश्वंभर देवकते, एका तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो आणि आपल्यासारखं शिकवणारा जिल्ह्यात दुसरा नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकानं वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा असे. दहा जणांचा गट. एकानं शिकवायचं, बाकी नऊ जणांनी विद्यार्थी होऊन बाकांवर बसायचं. पाठ संपला की प्रत्येकानं दोन कागद भरायचे. एक छापील फॉर्म, त्यावर आपलं नाव आणि श्रेणी. दुसरी एक साधी चिठ्ठी, बिननावाची. वर्गाच्या समन्वयक इनामदार मॅडम फार कळकळीच्या बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "फॉर्म विद्यापीठासाठी आहे, चिठ्ठी तुमच्या सहकाऱ्यासाठी. चिठ्ठीत खरं लिहा. आपल्या वर्गात आपण कसे दिसतो हे आपल्याला उभ्या जन्मात कुणी सांगत नाही."

मॅडमची पाठ वळताच पांढरीपांडेंनी गटाची सभा घेतली होती. ते वर्ध्याकडचे, वाणिज्य शिकवायचे, आणि असे दोन वर्ग त्यांनी आधी पचवलेले होते. "हे पाहा, आपल्या गटात कोणी कोणाले बी-बिब द्यायचं नाही. फॉर्मवर ए, चिठ्ठीवर उत्तम. अळीमिळी गुपचिळी. अहो, आपण काय पोरं आहोत का चुका काढायले?" सगळे हसले. मीही हसलो. हा रिवाज सगळ्याच गटांत होता आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं.

आणि अशात ही नववी चिठ्ठी.

"जाऊ द्या ना," पांढरीपांडे म्हणाले. "फॉर्मवर तर सगळ्यांनी 'ए'च दिला असन."

पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. माझा पाठ आरशावर होता. 'आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली उलटं का दिसत नाही?' हा माझा ठेवणीतला प्रश्न. तो विचारायचा, समोरच्यांचे चेहरे गोंधळले की लगेच झोकात उत्तर द्यायचं, ही माझी पंधरा वर्षांची पद्धत. टाळी तिथंच पडायची. आणि ही चिठ्ठी म्हणत होती, थांबा.

चिठ्ठीतलं अक्षर बारीक होतं, उभं होतं आणि एक अक्षर दुसऱ्याला चिकटलेलं नव्हतं. हे मी कुठंतरी पाहिलंय, एवढं मनात राहिलं. मग खोलीत गेलो, शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि चिठ्ठीशेजारी ठेवला. रविवारच्या सहलीसाठी गटातल्या कानिंदे मॅडमनी सगळ्यांना किल्ल्याच्या वाटेचा नकाशा काढून दिला होता. 'जुनी विहीर', 'डावीकडे वळा', 'इथं सावली आहे'. नकाशात गावांची नावं लिहितात तशी ती अक्षरं. शंकाच उरली नाही.

हेमलता कानिंदे. भूगोलाच्या. नांदेडकडच्या. गटात सर्वांत कमी बोलणाऱ्या आणि आमच्यातल्या एकट्या अशा, की ज्यांची नोकरी कायम नव्हती. दर जूनला नेमणूक आणि दर एप्रिलला निरोप, असं आठ वर्षं चाललं होतं. आमच्यासारखं त्यांना हे प्रमाणपत्र कुठं दाखवायचं नव्हतं. त्या शिकायला म्हणून आल्या होत्या. ही गोष्ट मला तेव्हा जरा हास्यास्पदच वाटायची, आता लिहिताना मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्या समोर आल्या. "काल तुमचा पाठ फार आवडला सर," म्हणाल्या. "तो आरशाचा प्रश्न तर मी घरी मुलाला विचारणार आहे."

"हो का?" मी म्हणालो. "उत्तर पण सांगून टाका, नाहीतर बसायचा मोजत."

त्या एकदम थांबल्या. मला अक्षर ओळखू आलंय हे त्यांना कळलं असावं. पण त्या रागावल्या नाहीत की ओशाळल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "बसू द्या की मोजत." त्या हसण्यानं मी आणखी चिडलो. आठ वर्षांत जिला टिकाऊ नोकरी मिळवता आली नाही ती बाई मला शिकवणार, असा एक हलकट विचार मनात आला आणि मी तो जपून ठेवला.

शनिवारी कानिंदे मॅडमचा पाठ होता.

हॉल जुना, लांबोडका. वर सहा पंखे आणि सहाही खटखट करणारे. उकाडा असा की एकही बंद करायची सोय नाही. मी मुद्दाम पार शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पांढरीपांडे माझ्या शेजारी, जेवणानंतरच्या पेंगेत.

मॅडम फळ्याकडे वळल्या आणि खडू न उचलता, एका रेघेत महाराष्ट्राचा नकाशा काढला. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडून 'वा' निघता निघता राहिला. सह्याद्रीची धार, पश्चिमेला तुटलेला कडा, पूर्वेला उतरत गेलेल्या नद्या. त्या बोलू लागल्या. विषयाची जाण अशी की ऐकत राहावं. पण ऐकू येईल तर ना! वाक्याची सुरुवात खणखणीत व्हायची आणि शेवट घशातच राहायचा. "ढग इथं डोंगराला अडतात, म्हणून पश्चिमेला पाऊस भरपूर, आणि पलीकडे मात्र..." पुढं नुसते ओठ हलत. मात्र काय? पंख्यांची खटखट.

"काय म्हणाल्या?" पांढरीपांडेंनी डोळे न उघडता विचारलं.

"काय की," मी म्हणालो.

मॅडमनी एक प्रश्न विचारला. तोही अर्धाच ऐकू आला. मग त्या शांतपणे थांबल्या. एक, दोन, तीन... मी मोजत होतो. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं, त्यावर दुसऱ्यानं शंका काढली, आणि पुढच्या तीन बाकांवर चांगली चर्चा रंगली. मागच्या चार बाकांवरचे आम्ही मूकपट बघत बसलो होतो.

पाठ संपला. मी फॉर्मवर ए लिहिला आणि चिठ्ठीवर 'उत्तम'. रिवाज म्हणजे रिवाज.

चहाच्या वेळी मॅडम कप घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. मला बाजूला घेतलं.

"देवकते सर, एक विचारायचं होतं. नऊ चिठ्ठ्या आल्यात, नऊही उत्तम. त्याचा मला काय उपयोग?" त्या हसल्या. "येत्या बुधवारी माझी मुलाखत आहे. मुलींच्या कॉलेजात कायमची जागा निघालीय. पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी, म्हणजे ही शेवटची. मुलाखतीत समितीसमोर पाठ घ्यायचाय, मोठ्या हॉलमध्ये, शंभरेक मुलींसमोर. आमच्या घरी सगळे म्हणतात मी पुटपुटते. मला स्वतःला काही कळत नाही हो, मला माझा आवाज व्यवस्थित ऐकू येतो. तुम्ही पार मागं बसला होता. मागपर्यंत ऐकू येत होतं का?"

"मलाच का विचारता?" मी म्हणालो.

"तुम्हाला खरं बोललेलं झोंबतं. म्हणजे खरं काय ते तुम्हाला कळतं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना झोंबतही नाही."

त्या माझ्याकडे बघत थांबल्या. घाई नव्हती त्यांना.

बुधवारला चार दिवस होते. मी म्हणालो असतो की मॅडम, वाक्याचा शेवट पडतो तुमचा, चला आत्ता, हॉल रिकामा आहे, मी मागं बसतो, तुम्ही बोला. तर चार दिवसांत निम्मं काम झालं असतं. उरलेलं माइकनं केलं असतं. दोष काही मोठा नव्हता. एका वाक्यानं दाखवता आला असता, जसा त्यांनी मला माझा दाखवला होता.

"अगदी स्वच्छ," मी म्हणालो. "शब्द न् शब्द."

"नक्की?"

"अहो, तुम्हाला माइकसुद्धा लागायचा नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला बरं काम केल्यासारखं वाटलं. "देव भलं करो तुमचं," त्या म्हणाल्या आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

पांढरीपांडेंनी हे लांबून ऐकलं होतं. त्या गेल्यावर ते म्हणाले, "देवकते, तुम्ही तर मघाशी म्हणाले होते, 'काय की'."

"तुमचाच नियम ना सर? अळीमिळी गुपचिळी."

"तो कागदावरचा होता," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. त्या थट्टेखोर माणसाला मी तेवढा एकदाच गंभीर पाहिला.

बुधवारी मॅडम जाऊन आल्या. गुरुवारी मी विचारलं, तर म्हणाल्या, "बरा झाला पाठ. कळवतो म्हणालेत." वर्ग संपला, प्रमाणपत्रं मिळाली, एकत्र फोटो निघाला आणि आम्ही आपापल्या गावी गेलो. दिवाळीत पांढरीपांडेंचं पत्र आलं, त्यात शेवटी एक ओळ होती: 'कानिंदेबाईंचं काम झालं नाही.' मी बायकोला म्हणालो, या जागा आधीच ठरलेल्या असतात, पाठबीठ सगळी धूळफेक. ती बिचारी हो म्हणाली.

त्या चिठ्ठीचं मात्र वेगळंच झालं. ती मी फाडली नाही. का ते सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आरशाचा पाठ आला आणि केवळ ती बाई चुकीची आहे हे सिद्ध करायला म्हणून मी प्रश्न विचारून गप्प उभा राहिलो. एक, दोन. वर्गात चुळबुळ. तीन, चार. ते चार आकडे जन्मासारखे लांब वाटले. जीभ वळवळत होती. सहा म्हणतोय तोच खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली. वर्षभरात हजेरीपलीकडे तिचा आवाज मी ऐकला नसता, याची मला खात्री आहे.

"सर, आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही," ती म्हणाली. "आपणच आरशामागं वळून जाऊन उभं राहिलोय असं मनात धरतो, म्हणून तसं वाटतं."

पंधरा वर्षांत मी जे उत्तर झोकात देत आलो होतो, त्यापेक्षा हे सोपं होतं आणि जास्त खरं होतं. पंधरा वर्षांत अशी किती पोरं मी बोलायच्या आत बसवली असतील?

त्या दिवसापासून मी थांबायला शिकलो. पुढं त्याच गोष्टीनं माझं नाव झालं. चांगला शिक्षक म्हणून गौरव झाला, आणि ज्या वर्गांना मी प्रमाणपत्रासाठी गेलो होतो तिथंच मला व्याख्याता म्हणून बोलावू लागले. 'सातापर्यंत मोजून' हे माझं व्याख्यान बरंच गाजलं. सुरुवातीला मी म्हणायचो, "हे मला एका सहकाऱ्यानं सांगितलं." नाव कधी घेतलं नाही. हळूहळू तेवढंही म्हणायचं राहून गेलं.

दोन हजार सोळामध्ये विद्यापीठानं प्राध्यापकांच्या अध्यापनाचे व्यावसायिक निकष ठरवायला एक समिती नेमली. मी तिचा सदस्य होतो. पुस्तिकेत एकूण अठरा निकष. चौथा माझा: शिक्षक प्रश्नानंतर विद्यार्थ्याला विचार करायला पुरेसा वेळ देतो. अकराव्याचा मसुदाही माझाच: शिक्षक सहकाऱ्याच्या अध्यापनाबद्दल प्रामाणिक मत देतो. प्रकाशनाला चारशे प्राध्यापक जमले होते. मी व्यासपीठावरून अठराही निकष वाचून दाखवले. अकरावा वाचताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या व्हरांड्यात पुस्तकांची, तक्त्यांची विक्री चालली होती. शेवटच्या टेबलावर शाळांसाठीचे भिंतीवरचे नकाशे मांडले होते. मी सहज एक उलगडला आणि अक्षरं पाहून हात थबकला. बारीक, उभी, एकमेकांना न चिकटलेली.

"ओळखलंत का सर?"

टेबलामागं कानिंदे मॅडम उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, हसणं तेच.

"मॅडम! तुम्ही इथं?"

"नकाशे छापणाऱ्या एका प्रकाशनात आहे मी. बारा वर्षं झाली. नकाशे काढते, आणि असं काही असलं की विकायलाही येते. काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मग जरा पुढं झुकल्या. "दारात उभी राहून ऐकलं तुमचं भाषण. सात आकडे अजून मोजता तर!"

"ती चिठ्ठी... तुमचीच ना ती?"

"मग? तुम्ही नाश्त्याच्या वेळी टोमणा मारला होतात ना त्यावरून." त्या मनापासून हसल्या. "मला फार बरं वाटलं सर. तुमच्या चारशे माणसांत माझं एक वाक्य गेलं."

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, आणि नको ते विचारलं. "त्या मुलाखतीचं पुढं काय झालं होतं?"

"त्याचं काय," त्या नकाशाची गुंडाळी करत म्हणाल्या. "पाठाची तयारी चांगली होती. शिपाई माइक घेऊन आला होता, गळ्यात अडकवायचा. मी म्हटलं नको, माझा आवाज जातो शेवटपर्यंत. तुम्ही सांगितलं होतंत ना. त्या एका गोष्टीची मला काळजी उरली नव्हती बघा. पण मुली कशा कोण जाणे, मागं बोलायला लागल्या. समितीतले एक गृहस्थ पार मागं जाऊन बसले होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, मॅडम, तब्येत बरी नाही का आज? मी म्हटलं, छे, ठणठणीत आहे. असं का विचारलं असेल, याचा किती दिवस विचार करत होते मी."

व्हरांड्यात जेवणाच्या पंगतीचा गलका चालला होता. त्यांनी गुंडाळीला दोरा बांधला, गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, एक विचारू? त्या दिवशी खरंच ऐकू येत होतं मागं?"

आणि त्या थांबल्या. तशाच, चहाचा कप हातात घेऊन थांबल्या होत्या तशा. मी मोजत होतो की मोजलं जात होतं, सांगता येत नाही. तीनला वाटलं, पुन्हा हो म्हणावं. बाईंचं आयुष्य आता कुठं बदलणार आहे? पाचला कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून "सर, पुस्तिका सुरेख झालीय" म्हणून गेलं. त्या थांबूनच होत्या.

"नाही," मी म्हणालो. "वाक्यांचे शेवट ऐकू येत नव्हते. मला माहीत होतं, मॅडम. चिठ्ठी झोंबली होती म्हणून सांगितलं नाही."

त्यांनी दुसरा नकाशा घेतला आणि तोही त्या गुंडाळायला लागल्या. मान खाली घालून त्या बोलल्या. "मला वाटायचं, निदान तुम्ही तरी..."

पुढचं गलक्यात गेलं. ओठ हलताना दिसले, एवढंच. मी टेबलाच्या अलीकडं, हातभर अंतरावर उभा होतो, आणि काय म्हणालात असं पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.